हरणाच्या रायफलला पहिला स्कोप: कुठला घ्यायचा, कसा बसवायचा

ऑक्टोबर लागला की पेनसिल्व्हेनियात आमच्या ओळखीतल्या कुणा ना कुणाचा फोन येतोच. "दादा, रायफल घेतली, आता स्कोप कुठला घेऊ?" आणि लगेच पुढचं वाक्य: २४ पट मोठं दाखवणारा एक बघून ठेवलाय. माझं उत्तर ठरलेलं आहे. साधा ३-९×४० घ्या आणि वाचलेले पैसे बेस (रायफलवर बसणारी पट्टी), रिंगा (स्कोप धरून ठेवणारी कडी) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने स्क्रू आवळणारा पाना) यांवर घाला. मी पोटापाण्यासाठी मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे जोड आणि स्क्रू यांच्याकडे माझं लक्ष आधी जातं. ढिला बेस असेल तर महागातली महाग काच काही कामाची नाही. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, त्याने फार तर कागदाला भलतीकडे भोक पडतं. जंगलात पोटात गोळी लागलेलं हरीण रात्रभर तडफडत राहतं. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कायद्याचं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं इथल्यापुरतं. पेनसिल्व्हेनियात पहिला परवाना काढायच्या आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. रायफलच्या सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक नारिंगी रंग अंगावर दिसायला हवा. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने मुळात बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद आहे. म्हणून परवाना आधी, रायफल नंतर. आणि गावाकडच्या भावाने एअर रायफलसाठी स्कोप मागवला तरी तो बॅगेत टाकून नेऊ नका. बंदुकीचे स्कोप अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात.

आता निवड. ३-९×४० म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ४० मिलिमीटर व्यासाची असलेला स्कोप. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. नऊ पटीला ती साडेचार मिलिमीटरच्या आत येते, चार पटीला दहा मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर त्याहून कमी. इथे सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीची मुभा असते आणि हरणं नेमकी त्याच संधिप्रकाशात बाहेर पडतात. अशा वेळी पट जितकी वाढवाल तितकं चित्र काळपट होत जातं. शिवाय नऊ पटीला १०० यार्डांवर जेमतेम १२-१४ फूट रुंदीचा तुकडा दिसतो, तीन पटीला तीस फुटांच्या वर. हरीण ओक झाडांमधून चालत असेल तर मोठ्या पटीत ते शोधण्यातच वेळ जातो. माझ्या भागातल्या जंगलात १०० यार्डांपलीकडचं हरीण झाडीतून धड दिसतही नाही. मी मचाणावर बसताना स्कोप चारावर ठेवतो. मोकळ्या शेताच्या कडेला बसलो तरच वाढवतो.

५० मिलिमीटरची काच घेऊ नका. ती रायफलच्या नळीला टेकू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात, मग गाल दस्त्यावर टेकत नाही. गाल अधांतरी राहिला की डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो. क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधल्या नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा (यालाच रेटिकल म्हणतात), ड्युप्लेक्स घ्या: बाहेरून जाड, मध्यावर बारीक. ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये तो आणला आणि आजही संधिप्रकाशात डोळा मध्यावर नेण्यासाठी त्याइतकं सोपं दुसरं काही मला माहीत नाही. रेघोट्यांची झाडं असलेले रेटिकल लांबच्या नेमबाजीसाठी ठीक, पहिल्या हरणासाठी नकोत.

एक आकडा मात्र बारकाईने बघा: आय रिलीफ, म्हणजे डोळा आणि मागची काच यांच्यातलं अंतर. साडेतीन इंचांच्या खाली जाऊ नका. .२४३ काडतुसाचा धक्का सौम्य असतो, पण .३०-०६ ची गोळी हलक्या रायफलमधून झाडली की स्कोपची कडा भुवईवर येऊन आपटते, टाके पडतात.

बसवायला घेताना रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने चेंबर (काडतूस बसतं ती जागा) तपासून बघा. बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. बेस आणि रिंगा एकमेकांना जुळणाऱ्या घ्या. पिकाटिनी आणि वीव्हर हे बेसच्या रेलचे दोन प्रकार. पिकाटिनी रेलची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते, वीव्हरची त्याहून अरुंद. म्हणून वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बसतात, उलटं नेहमी जमत नाही. स्कोपचं नळकांडं एक इंची आहे की ३० मिलिमीटर, हेही डब्यावर वाचा.

रिसीव्हरवरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या भागावरची) स्क्रूची भोकं कारखान्यातल्या तेलाने भरलेली असतात. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. स्क्रूलाही तेच करा. मग बेसच्या स्क्रूला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. टॉर्क कंपनीच्या कागदावर असेल तोच. कागद नसेल तर ६-४८ आट्यांच्या बारीक स्क्रूला २० इंच-पौंडांच्या आसपास थांबा. मग बोल्ट परत घालून उघडबंद करून बघा. पुढचा स्क्रू लांब निघाला तर आत बोल्टला घासतो, आणि ते आत्ताच कळलेलं बरं.

रिंगांचे खालचे भाग बसवा, स्कोप ठेवा, वरच्या टोप्या नुसत्या टेकतील इतक्याच लावा. आता शिकारीचं जाड जाकीट अंगात घाला. टी-शर्टवर जुळवलेला स्कोप नोव्हेंबरच्या जाकिटात पाऊण इंच चुकीच्या जागी येतो. पट नऊवर न्या, कारण तिथे डोळ्याची जागा सगळ्यात नेमकी लागते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. चित्र कडेपर्यंत भरलेलं दिसायला हवं. भोवती काळी कड दिसली तर स्कोप थोडा पुढे-मागे सरकवा. हे बसून करा, उभं राहून करा, जमिनीवर पडूनही करा. तिन्हीत जमेल अशी जागा मिळाली की नळकांड्यावर टेपची बारीक पट्टी लावून खूण करा.

मग रेटिकल उभा करायचा. रेलवर छोटी पाणसळ ठेवून रायफल व्हाइसमध्ये समतल धरा, समोर २५ यार्डांवर झाडाच्या फांदीला ओळंबा लटकवा. स्कोपमधून बघत उभी रेघ दोरीवर बरोबर पडेल असा स्कोप फिरवा. रेटिकल कलता राहिला तर वर-खाली केलेला बदल डावीउजवीकडेही सरकतो.

आता टोप्यांचे स्क्रू, आणि इथे घाई नको. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं आलटून-पालटून, समोरासमोर, एका वेळी पाव फेरी. एका बाजूचा स्क्रू आधी आवळला की नळकांडं त्या बाजूला वळतं, म्हणून दर फेरीनंतर पुन्हा ओळंब्याकडे बघा. टोपी आणि खालचा भाग यांच्यात दोन्हीकडे फट सारखी दिसली पाहिजे. शेवटी टॉर्क रेंच, १५ ते १८ इंच-पौंड. या स्क्रूंना लॉकटाइट लावू नका. ओल्या आट्यांवर रेंचचा तोच आकडा जास्त दाब देतो आणि नळकांडं चेपतं. चेपलेला स्कोप दुरुस्त होत नाही. सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. स्क्रू हलला की ती रेघ तुटलेली दिसते.

रेंजवर जा. स्टेट गेम लँड्सवरच्या (राज्याच्या शिकारीच्या जमिनींवरच्या) रेंजला शिकारीचा परवाना किंवा रेंज परमिट लागतं. कानाला आणि डोळ्याला संरक्षण हवंच. पहिलं टार्गेट २५ यार्डांवर. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवा, नळीतून बघून टार्गेटचा मध्य नळीच्या मध्यावर आणा आणि रायफल न हलवता स्कोपवरच्या दोन डायल (एक वर-खाली, एक डावीउजवीकडे) फिरवून क्रॉसहेअर तिथे आणा. मग गोळी कागदावर तरी लागते.

बहुतेक शिकारी स्कोपच्या डायलची एक क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवते, म्हणून २५ वर फक्त इंचाचा सोळावा भाग. २५ वर गोळी दीड इंच डावीकडे लागली तर २४ क्लिक उजवीकडे. १०० वर दोन इंच डावीकडे लागली तर आठच. स्कोप नळीच्या वर दीड इंचावर असल्यामुळे .३०८ ची गोळी २५ वर अर्धा-पाऊण इंच खाली लागली तर तिला छेडू नका, १०० वर ती बरोबर येते.

१०० यार्डांवर एका गोळीवरून डायल फिरवू नका. तीन झाडा, त्यांचा मध्य काढा, मग बदल करा. दर तीन गोळ्यांनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा, कारण हरणावर झाडायची गोळी थंड नळीतूनच जाणार आहे. जंगलात जे काडतूस नेणार तेच इथे वापरा. कंपनी किंवा गोळीचं वजन बदललं की झिरो, म्हणजे नेम आणि गोळीची जागा जुळवणं, पुन्हा करावा लागतो.

स्कोप ही दुर्बीण नव्हे. झाडीत काही हललं म्हणून स्कोपमधून बघायला जाऊ नका. तो माणूस निघाला तर तुम्ही त्याच्यावर रायफल रोखलेली असते. दुर्बीण गळ्यात वेगळी ठेवा.

सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याआधीच्या आठवड्यात एकदा थंड नळीतून एक गोळी १०० वर झाडून बघा. आणि ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका) अचानक विस्कटला तर डायलला हात लावायच्या आधी नेलपॉलिशच्या रेघा बघा, टॉर्क तपासा, सुरुवात खालून बेसच्या स्क्रूपासून करा.