जुनी वायफाय उपकरणं नव्या राउटरला जोडताना या चुका टाळा

नवा राउटर बसवला की फोन, लॅपटॉप, टीव्ही पाच मिनिटांत जोडून होतात आणि कोपऱ्यातला जुना प्रिंटर अडून बसतो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. प्रिंटरच्या इवल्याशा स्क्रीनवर बाणाची बटणं दाबत, एकेक अक्षर शोधत मी पासवर्ड टाकला. चार वेळा टाकला. चारही वेळा ‘पासवर्ड चुकीचा’ असंच उत्तर आलं. पासवर्ड मात्र अगदी बरोबर होता.

म्हणून पहिली चूक हीच: पासवर्डवर संशय घेऊन तोच तोच टाकत राहणं. डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धत २०१८ मध्ये आली. त्याआधीच्या बहुतेक उपकरणांना ती कळत नाही, आणि ‘ही पद्धत मला येत नाही’ असं सांगायची सोय नसल्यामुळे त्यांपैकी काही पासवर्डच चुकीचा ठरवतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय निवडून बघा. काही उपकरणं त्यालाही बिचकतात. तेव्हा नुसतं डब्ल्यूपीए२ आणि सोबत एईएस (माहिती सांकेतिक करण्याची पद्धत) ठेवा. तिथेच ‘पीएमएफ’ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ नावाची (जोडणी सांभाळणाऱ्या संदेशांना संरक्षण देणारी) सेटिंग दिसली, तर ती सक्तीची न ठेवता ऐच्छिक करा. आमचा प्रिंटर या एका बदलाने जोडला गेला.

पण इथून आणखी खाली उतरू नका. एखादं फारच जुनं उपकरण फक्त डब्ल्यूईपी ही वायफायची सगळ्यात जुनी सुरक्षापद्धत ओळखतं, म्हणून अख्ख्या घराचं नेटवर्क डब्ल्यूईपीवर आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ती पद्धत २००१ मध्येच फोडली गेली होती. आज ती काही मिनिटांत तुटते. शिवाय डब्ल्यूईपी किंवा एईएसच्या जागी जुनं टीकेआयपी लावलं, की जोडणीचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. अशा उपकरणाला लॅन केबलची जागा असेल तर सरळ केबल लावा. नसेल, तर त्याला वायफायवर आणायचा हट्ट सोडलेला बरा.

दुसरा घोळ बँडचा, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्याचा. जुन्या उपकरणांपैकी कितीतरी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. त्यात जुनी उपकरणं गोंधळतात. ‘स्मार्ट कनेक्ट’सारखा पर्याय बंद करून २.४ ला वेगळं नाव द्या. फोनवरच्या ॲपमधून जोडायचं उपकरण असेल, तर तेवढ्यापुरता फोनही त्याच नावावर आणा.

नेटवर्क यादीत दिसतच नसेल तर चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातला क्रमांक दिलेला भाग, बघा. राउटर ‘ऑटो’वर असला की कधीकधी १२ किंवा १३ वर जाऊन बसतो, आणि ११ पर्यंतचीच चॅनेल्स ओळखणाऱ्या उपकरणाला तो दिसत नाही. १, ६ किंवा ११ ठेवा, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. जुन्या लॅपटॉपचं दुखणं थोडं वेगळं असतं: वायफाय ६ म्हणजे ‘एएक्स’ मोड चालू असला की जुन्या ड्रायव्हरला (लॅपटॉपचं वायफाय चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) कधीकधी नेटवर्क सापडत नाही. तो केबलने नेटला जोडून ड्रायव्हर अपडेट करा.

नेटवर्कच्या नावात इमोजी किंवा देवनागरी अक्षरं हौसेने घातली असतील तर काढा. साधी इंग्रजी अक्षरं आणि अंक पुरे.

जुन्या उपकरणांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे राउटरवरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क, वापरणं ही खरंच चांगली युक्ती आहे, कारण मग मुख्य नेटवर्कची सुरक्षा उतरवावी लागत नाही. फक्त गेस्टवरची उपकरणं बहुधा घरातल्या बाकीच्यांपासून तोडलेली असतात. प्रिंटर तिथे ‘कनेक्टेड’ दिसेल, पण फोनवरून प्रिंट जाणार नाही. स्मार्ट प्लगला गेस्ट चालेल, प्रिंटरला ही आडकाठी काढावी लागेल.

हे सगळं करताना एका वेळी एकच सेटिंग बदला आणि दर वेळी उपकरण बंद करून चालू करा. नाहीतर नेमकं कशाने जमलं ते कळणार नाही. प्रिंटर जोडला गेला की राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी राउटर रीस्टार्ट झाल्यावर पत्ता बदलून तो ‘ऑफलाइन’ दिसणार नाही.