स्क्रीनवर वाचताना डोळे का चुरचुरतात
स्क्रीनवर वाचताना डोळे चुरचुरण्याचं एक मोठं कारण म्हणजे पापण्या कमी लवणं. एरवी मिनिटाला साधारण 15 वेळा लवणारी पापणी स्क्रीनपुढे 5-7 वेळाच लवते, तीही अर्धवट. मग अश्रूंचा थर सुकतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या लूमध्ये, म्हणजे कोरड्या गरम वाऱ्यात, तर फारच. कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन वाचू नका. स्क्रीन 50-70 सेंमी दूर आणि नजरेच्या थोडी खाली ठेवा. पुस्तक वाचताना नजर खाली असते, डोळा कमी उघडा राहतो, तोच फायदा इथे मिळतो. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद खिडकीबाहेर, निदान 6 मीटर लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. चाळिशी उलटली असेल तर आधी नंबर तपासून घ्या.