डीएच-२चं मॉडेल: आधी साचा, मग विमान

१९१६ साली फ्रान्सच्या आघाडीवर आलेल्या ब्रिटिश डीएच-२ या लढाऊ विमानाचं इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे होतं. फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडायचं तंत्र ब्रिटिशांना तोवर साधलेलं नव्हतं, म्हणून मशीनगनसमोरून प्रोपेलरच हलवला. आपली पंचाईत इथेच होते. या विमानाला धड असं नाहीच. होडीसारखी छोटी खोळ, दोन मजली पंख आणि शेपटीपर्यंत गेलेल्या चार नळ्या. सरळ धरायला काही नसतं, म्हणून आधी साचा करा.

१:४८ प्रमाणातला आराखडा छापा आणि लगेच पट्टी लावा. खरे पंख ८.६१ मीटर, म्हणजे कागदावर १७.९ सेंटिमीटर भरायला हवेत. प्रिंटर गुपचूप आकार लहान करतो; माझं पहिलं मॉडेल त्यातच वाया गेलं. मग स्टेशनरीच्या दुकानातला सनबोर्ड (हलका, ताठ फोमचा पुठ्ठा) आणून वरचा पंख खालच्यापासून नेमक्या उंचीवर धरणारे ठोकळे कापा. प्रत्येक कोन गुण्याने तपासा.

पंखांना एक मिलिमीटरची पॉलिस्टायरिन शीट. कापलेला पंख प्लंबिंगच्या चार इंची पाइपवर चिकटपट्टीने बांधा, कढत पाणी ओता, लगेच नळाखाली धरा. बाक आपोआप येतो. फासळ्यांसाठी चिकटपट्टीच्या अगदी बारीक पट्ट्या पुरतात.

उभ्या दांड्यांना बांबूच्या काड्या तासून घ्या, सगळ्या एकाच मापाच्या. नळ्यांसाठी पितळी तार, प्लास्टिक वाकतं. इंजिन मात्र निवांतपणे करा, ते मागे उघडंच दिसतं. नऊ सिलिंडर ४० अंशांच्या अंतराने बसतात. पिनेवर बारीक तांब्याची तार गुंडाळली की सिलिंडरवरच्या चकत्या हुबेहूब दिसतात.

रंग जोडणीआधीच द्या; नंतर ब्रश आत शिरत नाही. वरून खाकी-तपकिरी, खालून कापडाचा पिवळट पांढरा. पावसाळ्यात ठाण्यात स्प्रेचा डबा कपाटातच राहू द्या, हवेतल्या ओलीने रंगावर पांढरी साय धरते. कोरड्या दिवसाची वाट पाहा, नाहीतर हाताने रंगवा.

आता खालचा पंख आणि खोळ साच्यात, त्यावर दांड्या, मग वरचा पंख. रात्रभर हात लावू नका. नळ्या दुसऱ्या दिवशी; वरून पाहिलं तर त्या शेपटीकडे निमुळत्या होत जातात.

ताणाच्या तारांना मासेमारीची सर्वांत बारीक नायलॉन दोरी घ्या. माझी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मित्राने दिलेली आहे, वर्षानुवर्षं पुरेल इतकी. पिनेने पाडलेल्या भोकातून ओवून दोन्ही टोकं फेव्हिक्विकने पक्की करा. सैल राहिली तर पेटती उदबत्ती दोरीजवळून न टेकवता फिरवा. ती आखडून ताठ होते. पंखा बंद ठेवा. उदबत्ती टेकलीच, तर ती तार पुन्हा ओवायची.

प्रोपेलर शेवटी. बोटाने एक फेरा द्या. नळीला घासला, तर पातं कापू नका; आस तिरकी बसली आहे, ती सरळ करा.