डोंगरी किल्ल्याची प्रतिकृती करताना या चुका टाळा

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे आणि नकाशावरून प्रमाणबद्ध प्रतिकृती उभारणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात हौस पुरते. दुसऱ्यात पुठ्ठ्याला कटर लावण्यापूर्वीच अर्धे काम बिघडू शकते. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या बहुतेक चुका हातकौशल्याच्या नसतात, तर प्रमाण न ठरवल्याच्या आणि वाळण्याची वाट न पाहिल्याच्या असतात.

प्रमाणापासून सुरुवात करू. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे उंचीच्या २० मीटर अंतराने असतात. प्रतिकृतीचे प्रमाण १:४,००० घेतले, तर हे २० मीटर म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर होतात. त्यामुळे ५ मिलिमीटर जाडीचा एक सनबोर्ड (फोमचा हलका फलक) म्हणजे एक समोच्च रेषा, असे सोपे गणित बसते. २ किलोमीटर रुंदीचा परिसर ५० सेंटीमीटरमध्ये मावतो आणि पायथ्यापासून ४०० मीटर उठलेला डोंगर १० सेंटीमीटर उंच होतो. यासाठी नकाशा साडेबारा पट मोठा करावा लागतो आणि पहिली चूक येथेच होते. मोठ्या केलेल्या प्रतीवर रेषेची जाडीही तितक्याच पटीने वाढते. एका थरात ती आतल्या कडेने आणि दुसऱ्यात बाहेरच्या कडेने कापली, तर उतार उगाच वेडावाकडा होतो. कोणतीही एक कड ठरवून शेवटपर्यंत तीच पाळावी. शिवाय झेरॉक्सवाल्याने सांगितलेल्या टक्क्यांवर विसंबू नये. नकाशावरची प्रमाणपट्टी मोठ्या प्रतीवर पट्टीने मोजून पाहावी.

थर रचून झाल्यावर डोंगर बसका वाटतो आणि अनेक जण उंची सरळ दुप्पट करतात. त्यामुळे ४५ अंशांचा उतार ६३ अंशांचा होतो, म्हणजे चढण्याजोगी वाट कड्यासारखी दिसू लागते. उंची वाढवायचीच असेल तर दीडपटीच्या पुढे जाऊ नये आणि नावाच्या पाटीवर तसा स्पष्ट उल्लेख करावा.

त्याच प्रमाणात तटबंदीचा विचार करा. ६ मीटर उंचीचा तट १:४,००० मध्ये जेमतेम दीड मिलिमीटरचा होतो आणि ८ मीटरचे झाड २ मिलिमीटरचे. बाजारात मिळणारा ५ सेंटीमीटरचा मावळा या डोंगरावर उभा केला, तर तो २०० मीटर उंचीचा ठरतो. म्हणून अशा प्रतिकृतीवर माणसे ठेवूच नयेत. झाडांसाठी चाळलेला, रंगवलेला लाकडी भुसा पुरतो. दरवाजे, बुरूज, चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) यांचीच आवड असेल, तर संपूर्ण गड न करता एखादा भाग १:१०० मध्ये करावा. रायगडाचा महादरवाजा त्यासाठी उत्तम विषय आहे. मात्र दोन बुरुजांच्या मध्ये समोरून दिसेल असा दरवाजा बसवण्याची चूक करू नये. बुरुजांच्या आडोशाने वळून जावे लागते आणि तोपर्यंत दरवाजा नजरेस पडत नाही, हेच त्या गोमुखी रचनेचे मर्म आहे.

कापणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही: बोथट पाते वापरू नये, एका दमात आरपार कापण्याऐवजी हलक्या हाताने दोन-तीनदा पाते फिरवावे आणि वरच्या थराची बाह्यरेषा खालच्या थरावर आधीच आखून घ्यावी.

चिकटवताना मात्र साहित्याचा स्वभाव ओळखावा लागतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पांढरा डिंक लावून कागद चिकटवला, की कागद ओलाव्याने फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वळतो. वळलेला पुठ्ठा उलटा दाबून सरळ होत नाही. दुसऱ्या बाजूलाही तसाच कागद चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवावा. थर्माकोलच्या दोन सपाट पृष्ठभागांमध्ये लावलेल्या पांढऱ्या डिंकाला हवा मिळत नसल्याने तो दिवसेंदिवस ओला राहतो. अशा वेळी डिंक पातळ लावून टूथपिक टोचून थर जागेवर धरावेत. घाईने रबरी सोल्यूशन किंवा स्प्रेचा रंग वापरला, तर त्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो आणि खड्डे पडतात. हे खड्डे कागदाच्या लगद्याने बुजवता येतात. पण आधीच पांढऱ्या डिंकाचा किंवा पाण्यातल्या रंगाचा पूर्ण हात दिलेला बरा, आणि कोणतेही नवे रसायन प्रथम टाकाऊ तुकड्यावर वापरून पाहावे.

प्लास्टर ऑफ पॅरिस नेहमी पाण्यात भुरभुरावे. प्लास्टरवर पाणी ओतल्यास गुठळ्या होतात. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पुन्हा पाणी घालून ते सैल करण्याचा मोह आवरावा, कारण असे प्लास्टर पुढे भुसभुशीत राहते. गुळगुळीत थर्माकोलवर दिलेला पातळ लेप सुटून येतो. त्याखाली वर्तमानपत्राच्या किंवा जाळीदार कापडाच्या पट्ट्या चिकटवाव्यात. उरलेले प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये, ते नळीतच घट्ट होते.

माझ्या मते सर्वांत मोठी चूक मात्र तांत्रिक नाही. समोच्च थरांच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून सगळा डोंगर प्लास्टरने सारखा लिंपला, की पालथ्या वाटीसारखा आकार तयार होतो आणि तो सह्याद्रीतला राहत नाही. येथील डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या आडव्या थरांचे आहेत. कठीण थर उभ्या कड्यांच्या रूपाने उघडे पडतात, मऊ थर झिजून त्यांचे गवताळ उतार आणि सपाट्या होतात. त्यामुळे समोच्च रेषा जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतील, तिथे थरांच्या कडा उभ्याच ठेवून त्यांवर कातळाचे पोत कोरावे आणि जिथे रेषा विरळ असतील तेवढ्याच जागा लगद्याने भराव्यात. राजगडासारखा गड करताना हा फरक विशेष जाणवतो, कारण पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या आणि त्यांच्यावर उठलेला बालेकिल्ला यांचे नातेच कडे आणि सपाट्या यांच्या आलटून-पालटून येण्यावर उभे आहे. गडाची छायाचित्रे चारही दिशांनी पाहिल्याशिवाय लिंपण सुरू करू नये.

रंग लावण्यापूर्वी प्लास्टर गालाला लावून पाहावे. गार लागले तर आत ओल आहे आणि त्यावरचा रंग पापुद्र्यांनी सुटेल. पावसाळ्यात ही ओल अनेक दिवस टिकते आणि कागदाच्या लगद्याला बुरशीही धरते, तेव्हा लगद्याचे काम हिवाळ्या-उन्हाळ्यात केलेले चांगले. बाटलीतला गडद हिरवा रंग तसाच लावू नये. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीचे गवत पिवळसर तपकिरी पडते, तेव्हा प्रतिकृती कोणत्या महिन्यातली हे आधी ठरवावे. इतक्या लहान प्रमाणात सगळेच दुरून पाहिल्यासारखे दिसायला हवे, म्हणून प्रत्येक रंगात थोडा करडा मिसळून तो फिका करावा. कातळावर काळसर हात वाळल्यानंतर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट राखाडी रंग वरवर फिरवला, की कोरलेले कंगोरे उठून दिसतात. शेवटचा हात चकचकीत वॉर्निशचा नसावा, मॅटचाच असावा. तो पूर्ण वाळल्यावरच प्रतिकृतीवर अ‍ॅक्रिलिकची पेटी बसवावी, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेने पेटीच्या भिंती धुरकट होतात.