ओबोच्या परीक्षेसाठी रचना कशा निवडाव्यात

ओबो या फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य वाद्यावर बोटांच्या आधी ओठ थकतात. म्हणून रचना निवडताना 'मला हे वाजवता येतं का?' एवढंच विचारून भागत नाही. 'याच्या आधीचं वाजवून झाल्यावरही येतं का?' हे पाहावं लागतं.

एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या आठव्या ग्रेडची परफॉर्मन्स परीक्षा उदाहरण म्हणून घेऊ. यात चार रचना असतात: ए, बी आणि सी या याद्यांतून किमान एकेक, आणि एक आपल्या पसंतीची. मधले थांबे धरून कमाल वेळ २० मिनिटे. सगळं एकाच सलग चित्रीकरणात वाजवायचं असतं. प्रत्येक रचनेला ३० गुण आणि एकूण सादरीकरणाला वेगळे ३०, त्यामुळे क्रम चुकला तर त्याचा फटका गुणांना बसतो.

१. आधी चालू अभ्यासक्रम उघडा. रचनेची कोणती मुव्हमेंट (स्वतंत्र भाग) मागितली आहे ते नीट वाचा. गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका.

२. श्वास तपासा. ओबोच्या रीडची (ओठांत धरायच्या वेताच्या दोन पातळ पात्यांची) फट अगदी अरुंद असते, हवा फार थोडी जाते. छातीत वापरलेली हवा साचते आणि फुफ्फुसं भरलेली असूनही जीव गुदमरतो. शुमानच्या तीन रोमान्स (ओपस ९४, १८४९) दिसायला सोप्या, पण त्यांत विसाव्याच्या जागा फारच कमी. अशी रचना हाती घेतली की पेन्सिलीनं दोन वेगळ्या खुणा करा: एक श्वास सोडण्याची, एक घेण्याची. दोन्ही एकाच जागी बसत नसतील तर एका ठिकाणी फक्त सोडा, पुढच्या ठिकाणी घ्या. पूर्ण वेगात, न थांबता वाजवूनही खुणा टिकत नसतील, तर रचना बदललेली बरी.

३. खालचं टोक पाहा. सर्वांत खालच्या बी फ्लॅटजवळचे सूर हळू आवाजात सुरू करावे लागत असतील, तर तुमचं रीड दर वेळी साथ देतं का? दहापैकी दोनदा सूर फुटत असेल तर परीक्षेतही फुटेल.

४. पियानोची बाजू वाचा. हिंडेमिथ (१९३८) किंवा पूलांक (१९६२) यांच्या सोनाटांमध्ये पियानो नुसती साथ करत नाही. साथीदार कच्चा असेल तर तुमची तयारी वाया जाते.

५. क्रम लावा. सुरुवातीला आल्बिनोनी किंवा मार्चेल्लोची बरोक मुव्हमेंट ठेवली की ओठ जमतात. सर्वांत दमवणारी रचना दुसरी ठेवा, शेवटी कधीच नको. तिसऱ्या जागी ब्रिटनच्या 'सिक्स मेटामॉर्फोसेस आफ्टर ओव्हिड' (१९५१) मधलं 'पॅन' छान बसतं. ते एकट्या ओबोसाठी आहे, तालाचे मोजलेले बार नाहीत आणि थांबे भरपूर, त्यामुळे ओठांना उसंत मिळते. शेवटी सॅं-सान्सच्या सोनाटाची (१९२१) वेगवान अखेरची मुव्हमेंट. यातलं यादीत काय आहे ते मात्र आधी पडताळा.

वाजवून पाहताना संगीत १६-१७ मिनिटांत बसवा. उरलेला वेळ लागतोच: ऑक्टेव्हच्या (वरच्या सप्तकासाठीच्या) भोकात पाणी शिरून सूर गुळगुळला, तर त्यावरच्या की म्हणजे झाकणाखाली सिगारेटचा कागद दाबून ते टिपावं लागतं.

६. परीक्षेच्या तीन आठवडे आधीपासून चारही रचना दिवसाआड सलग वाजवा, तेही ज्या रीडवर परीक्षा द्यायची त्याच जातीच्या रीडवर. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात दमट खोलीत बसलेलं रीड एसी खोलीत वेगळंच वागतं. म्हणून किमान दोन तालमी चित्रीकरणाच्याच खोलीत करा आणि रुळलेली तीन रीड जवळ ठेवा.