कॅलरी मोजताना या चुका टाळा: तांदळाचा आकडा भाताला लावू नका

कॅलरी मोजूनही वजन हलत नाही, असं कोणी सांगितलं की मी आधी एकच विचारते: मोजलं ते कच्चं की शिजवलेलं? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

आपल्या भाषेत तांदूळ वेगळा आणि भात वेगळा. ॲपमध्ये मात्र दोन्ही ‘राइस’ याच नावाखाली एकापाठोपाठ येतात, आणि घाईत बोट पहिल्या ओळीवर पडतं. माझी धाकटी बहीण सात आठवडे मोजत होती. वजन जागचं हललं नव्हतं. “ताई, दाणा न् दाणा मोजते गं मी. माझ्या शरीरातच काहीतरी बिघडलंय,” म्हणाली. थायरॉइडची तपासणीही करून झाली होती, तीही व्यवस्थित आली होती. एका संध्याकाळी मी तिच्या ओट्याशी नुसती उभी राहिले. तिने वाटी काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला, तांदूळ ओतले. आकडा ८१ झाला तेव्हा चिमूटभर दाणे काढून परत डब्यात टाकले. इतकी काटेकोर! मग फोन उचलून नोंद केली: शिजवलेला भात, ८० ग्रॅम.

१०० ग्रॅम कोरड्या तांदळात साधारण ३६० कॅलरी असतात, तर १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. शिजताना तांदूळ पाणी पितो आणि वजन पावणेतीन पटीपर्यंत जातं. कॅलरी तेवढ्याच राहतात, त्या जास्त वजनात पसरतात. म्हणजे बहिणीची नोंद १०४ ची आणि पोटात २८८. दोन वेळचे मिळून रोज जवळजवळ ३७० कॅलरी हिशेबाबाहेर. तिने रोजची तूट, म्हणजे शरीराच्या गरजेपेक्षा कमी खायच्या कॅलरी, ठरवली होती ४०० ची. इतक्या प्रामाणिक मुलीने सात आठवडे स्वतःला दोष दिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मी स्वतः सगळं कच्चंच मोजते आणि ‘कच्चे’ असं स्पष्ट लिहिलेलीच नोंद निवडते. घरात सगळ्यांचा भात एकत्र शिजत असेल तर रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून ठेवा. माझ्याकडे कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवलेला आहे. समजा ३०० ग्रॅम तांदूळ घातले, म्हणजे १०८० कॅलरी. शिजल्यावर पातेलं वजा जाऊन भात ८४० ग्रॅम भरला आणि ताटात २१० ग्रॅम घेतला, तर तुमचा वाटा चौथा, म्हणजे २७०. मांसाचं उलट होतं: शिजताना पाणी सुटून वजन घटतं, त्यामुळे तिथे नोंद चुकली की आकडा दुसऱ्या बाजूने चुकतो.

दुसरी चूक तेलाची, आणि तिचा मला खरोखर राग येतो, कारण ती टाळायला दहा सेकंदही लागत नाहीत. तेल म्हणजे निव्वळ स्निग्धांश, ग्रॅमला ९ कॅलरी. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४. ‘एक चमचा’ लिहिणारे चमचा भरून वाहिलेलं मोजत नाहीत, आणि मोठा चमचा की छोटा हेही सांगत नाहीत. एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी असतात. माझी सवय अशी: तेलाची बाटलीच काट्यावर ठेवते, शून्य करते, बाटली उचलून तेल ओतते आणि परत ठेवते. काट्यावर उणे २३ दिसलं, तर २३ ग्रॅम तेल गेलं, म्हणजे दोनशेच्या वर. पहिल्यांदा हा आकडा पाहून माणसं काटा बिघडलाय का ते तपासतात.

‘माझा चयापचयच मंद आहे’ असं म्हणणाऱ्यांनी १९९२ चा एक अभ्यास लक्षात ठेवावा. रोज १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचं त्यात नीट मोजमाप झालं. त्यांचा चयापचय ठीक होता. खाल्लेलं ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि केलेली हालचाल ५१ टक्के जास्त. हे मुद्दाम खोटं बोलणं आहे असं मी मानत नाही. अंदाजाचं असंच होतं.

मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेल्या ‘जळलेल्या’ कॅलरी परत खाऊ नका.

पाकिटावरचा आकडा संपूर्ण पाकिटाचा आहे की एका वाढणीचा, हे वाचा.

चव बघणं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, दुधासाखरेची पेयं: हे सगळं खाणंच आहे.

उतावळ्यांना मात्र थोडं जास्त सांगावं लागतं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले म्हणून हुरळतात, तिसऱ्यात अर्धा किलो वाढला की सगळं सोडतात. पहिल्या आठवड्यातली घट बरीचशी पाण्याची असते. शरीर कर्बोदकं ग्लायकोजेन या रूपात साठवतं; त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, साठा आटला की तेही जातं. खारट जेवण झालं किंवा पाळी जवळ आली की वजन वाढलेलं दिसतं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, ती एका रात्रीत कशी वाढेल? मी रोज सकाळी वजन करते, पण तुलना फक्त आठवड्याच्या सरासरीची करते.

आणि कृपा करून ८०० कॅलरींवर उतरू नका. स्नायू झिजतात, चिडचिड होते आणि रविवारी सगळं भरून निघतं. गरोदरपणात, वाढत्या वयात किंवा मधुमेहाची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोजणी सुरूच करू नये. आकड्याच्या भीतीने घास टाळायला लागलात, तर काटा त्याच दिवशी कपाटात ठेवा आणि कोणाशी तरी बोला.

वजन खरंच थांबलं, तर मी लगेच खाणं कमी करत नाही. आधी दोन आठवड्यांच्या नोंदी काढून कच्चं-शिजवलेलं, तेल आणि सुटीचे दिवस तपासते. बहिणीचंही ठरलेलं लक्ष्य आम्ही बदललं नाही. नोंद तेवढी सुधारली आणि त्याच आकड्यात बसेल एवढा भात ताटात घेतला. चौथ्या आठवड्याची सरासरी पहिल्या आठवड्यापेक्षा एक किलोने खाली होती.