भरती-ओहोटीच्या वेळा धरून नवी मुंबई कशी पाहावी

नवी मुंबई पाहायला निघण्यापूर्वी त्या दिवसाची तिथी पाहावी. सिडको या शासकीय नगररचना महामंडळाने 1970 पासून मिठागरे, शेते आणि पाणथळ जमिनींवर वसवलेल्या या शहराच्या किनारी भागात अनेक ठिकाणी जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे, आणि त्यामुळे तेथील पक्ष्यांची ये-जा, मासेमारी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा हे सारे खाडीच्या वेळेवर चालते. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. खाडीच्या आतल्या भागात पाणी थोडे मागाहून चढत असल्याने ही वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्यावी.

रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, साधारणपणे नोव्हेंबर ते मे या काळात येथे असतात. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलात दूरवर पांगून चरतात आणि काठावरून जेमतेम ठिपक्यांएवढे दिसतात; भरतीने चिखल बुडाला की थवेच्या थवे नेरुळ आणि सीवूड्सजवळच्या उथळ पाणथळींकडे वळतात. म्हणून टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर किंवा दिल्ली पब्लिक स्कूलजवळच्या डीपीएस तळ्यावर पूर्ण भरतीच्या तासभर आधी पोहोचावे. खाडी शहराच्या पश्चिमेस असल्यामुळे सकाळी ऊन पाठीशी राहते, संध्याकाळी डोळ्यांवर येते. माझ्या मते द्वादशी किंवा त्रयोदशी सर्वांत सोयीची, कारण त्या दिवशी भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते आणि अष्टमी-नवमीच्या भांगापेक्षा, म्हणजे लहान भरतीपेक्षा, पाणी अधिक चढते. तळ्यात पाणी किती आहे याकडेही लक्ष द्यावे. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या की पक्ष्यांचा आसरा जातो. डीपीएस तळे 2024 मध्ये असेच कोरडे पडले होते.

यानंतर धारण तलाव पाहावा, ज्याला येथे सर्रास होल्डिंग पाँड म्हणतात. बहुतेक पाहुणे त्याला शोभेचे तळे समजतात, परंतु शहर कोरडे ठेवण्याचे काम तो करतो. नेदरलँड्समधील पद्धतीवरून घेतलेल्या या रचनेत पावसाळी नाल्यांचे पाणी आधी तलावात येते. खाडीला भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडपा मिटतात, पाऊस तलावात साठत राहतो आणि ओहोटी लागली की झडपा उघडून तो खाडीत उतरतो. नेरुळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ हे उद्यान अशाच एका तलावाभोवती आहे. पावसाळ्यात एकदा भरतीला आणि त्याच दिवशी ओहोटीला काठावर उभे राहिले, तर पाण्याच्या पातळीतील फरक स्पष्ट दिसतो. तलावात गाळ साचून खारफुटी रुजते, साठवण घटते, आणि तो गाळ उपसायचा तर संरक्षित झाडांना हात लावावा लागतो. हा पेच या शहराला अजून पुरता सोडवता आलेला नाही.

ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र मुलांना आवर्जून दाखवावे. तेथून फ्लेमिंगोच्या हंगामात निघणाऱ्या बोटींच्या फेऱ्यांची वेळही भरतीवरच ठरते, म्हणून आधी चौकशी करावी. ठाणे खाडीतील ज्या अभयारण्यात त्या जातात, ते 2015 मध्ये घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

खारफुटी मात्र ओहोटीलाच पाहावी, कारण तिवराची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे तेव्हा उघडी पडतात. ती पायदळी तुडवू नयेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाची, म्हणजे खारफुटीची, तोड आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातील बांधकाम यांना मनाई आहे. फिरताना खारफुटीवर राडारोडा टाकलेला आढळल्यास तारीख, वेळ आणि जवळची खूण टिपून, छायाचित्रासह वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.